मांजराचं हवेत थांबणं

नात नखांचा रंग पुसायला बसली की त्या बाटलीच्या वासानं मला कंधारचं पत्र्याचं थेटर आठवतं. फिल्म तुटली की आम्ही आपरेटर लोक अशाच वासाच्या डिंकानं ती जोडायचो. वास आला की माझं डोकं अजून तापतं.

मेन पिक्चरच्या आधी अमेरिकेचं जुनं कार्टून लावायचो. मांजर पळत पळत कड्याच्या पुढं जायचं, हवेतच थांबायचं, खाली बघायचं, मग आपल्याकडं बघायचं अन् मग पडायचं. मी चौथी शिकलेला माणूस. पण ज्यानं ते बनवलं त्याला किती थांबायचं ते बरोबर कळत होतं, एवढं मला कळत होतं.

एक दिवस मॅनेजर म्हणाला, "मांजर थांबतं तिथं फिल्म अडकल्यावानी दिसतंय. तेवढं काप."

"साहेब, सगळं हसू त्या थांबण्यातच हाय."

"तू आपरेटर हायस. मशीन चालव."

कापलं. बाराच्या खेळाला मांजर धपकन पडलं अन् एक बी माणूस हसला न्हाई. तिनाच्या खेळाआधी मी तो तुकडा जमिनीवरून उचलला, धोतराला पुसला अन् कुणाला न विचारता परत जोडला. लोक असे हसले की पत्रे हादरले.

मॅनेजर बाराला नव्हता, आता बाहेरून नुसतं हसू ऐकून मशीनच्या खोलीत आला, माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ, कापल्यावर कसे हसले."

खरं सांगितलं असतं तर त्यानं पुन्हा कात्री चालवायला लावली असती. म्हणून गप बसलो. जन्मात एवढा गप मी कधी बसलो न्हाई, अन् त्याचा राग अजून गेला न्हाई.