मावशींच्या नावावरची गाडी

आईला आणखी एकदा दसऱ्याला दीक्षाभूमीवर माथा टेकायचा होता. गुडघे गेलेले, हृदय थकलेलं; पुढच्या वर्षाचं आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं. त्या दिवसांत जबलपूरहून नागपूरच्या रेल्वेत शिरणं धडधाकट माणसालाही जमत नाही. म्हणून मी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं.

गाडी जबलपुरात चेरीतालच्या आमच्या गल्लीतच, मावशींच्या दारात उभी होती. मावशी म्हणजे आईची शेजारीण आणि जुनी मैत्रीण. त्यांच्या यजमानांनी, काकांनी, फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर हौसेनं गाडी घेतली आणि थोड्याच दिवसांत ते गेले. मावशी विकायला तयार होत्या. घरचाच मामला, आज किल्ली मिळेल, असं मी धरून चालले होते.

कसलं काय! गाडी काकांच्या नावावर. मी आरटीओच्या एजंटला मावशींकडे घेऊन गेले, त्यानं विक्रीचा फॉर्म मावशींपुढे सरकवला.

"भाभीजी, भाईसाहब की साइन आप ही कर दो. तारीख पुरानी डाल देंगे. सब ऐसे ही करते हैं."

मावशींनी पेन खाली ठेवलं. "गेलेल्या माणसाची सही मी काहून करू? आधी गाडी माझ्या नावावर होऊ दे, मंग तुझ्या."

"मावशी, दसरा आपल्यासाठी थांबून नाही राहिला!" माझा आवाज चढला.

"ओरडू नको. उद्या सही खोटी निघाली, नाही त माझी पोरगी म्हणाली का बाबाच्या गाडीत माझाबी हिस्सा होता, त गाडी कोणाची जाईल? तुझीच ना, पोरी?"

मावशी आगाऊ बयाणाही घेईनात. मी फणफणत घरी आले आणि आईजवळ मावशींचा यथेच्छ उद्धार केला. आई नुसती हसली.

मग माझ्या स्कूटीवर मावशींच्या आणि माझ्या आरटीओच्या वाऱ्या सुरू झाल्या. मृत्यूचा दाखला, मुलीची लेखी संमती, नव्या नावानं विमा. मावशी आरटीओत लग्नाला निघाल्यासारखी ठेवणीतली साडी नेसून यायच्या. मला हसूही यायचं आणि रागही. त्या मात्र प्रत्येक कागद दोनदा वाचत.

गाडी त्यांच्या नावावर झाली तेव्हा दसरा तोंडावर आला होता. माझं नाव चढणं आता शक्यच नव्हतं. मी त्यांच्या ओसरीवर मटकन बसले. आईला काय सांगू, या विचारानं रडूच फुटलं.

"रडून काहून राहिली?" मावशी म्हणाल्या. "गाडी माझी, विमा माझा. लायसन तुझ्यापाशी आहेच. तू चालव, मी येतो संगं. विकाविकी आल्यावर पाहू."

आम्ही तिघी निघालो. नागपूरच्या वाटेवर शिवनी ओलांडल्यावर पोलिसांनी थांबवलं. हवालदारानं खिडकीतून आत डोकावून विचारलं, "गाड़ी किसकी है?"

मी लांबलचक खुलासा सुरू करणार, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "मेरी है."

मावशींनी पर्समधून कागद काढून पुढे केले. त्यानं पाहिले आणि म्हणाला, "चलिए, अम्माजी."

गाडी निघाली. मग मावशी आईला हळूच म्हणाल्या, "माझ्या नावावर आजवर काहीच नव्हतं व. घर त्यायचं, गॅसबी त्यायच्याच नावाचा."

"मंग आज मी तुझ्या गाडीत बसून चालली," आई म्हणाली.

दीक्षाभूमीवर गाड्या फार दूर अडवल्या होत्या. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरून, थांबत थांबत आईला नेलं. तिनं माथा टेकला. आईची ती शेवटची वारी ठरली. मावशींचे हे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत.

परतल्यावर गाडी रीतसर माझ्या नावावर झाली. फॉर्मवर विकणाऱ्याच्या जागी मावशींनी सही केली, अगदी सावकाश, आपलं पूर्ण नाव लिहून.