पांढऱ्या दोऱ्याच्या पिशव्या

जानेफळात कोणाच्या घरचं लग्न असो, तेरवी असो की भीमजयंतीचं जेवण, वाढायला जानराव दिसला नाही तर लोक आधी विचारतात, "काऊन बे, जानराव बिमार पडला काय?" शेती जेमतेम, धाकटा भाऊ बुलढाण्याला नोकरीत, पोरं पुण्याकडे. पण पंगत म्हटली की हा माणूस कंबरेला दुपट्टा बांधून हजर. आणि त्याचा एकच हट्ट. पंगतीत भेद करायचा नाही. एकदा एका यजमानानं पुढाऱ्याच्या पानावर हळूच दोन जिलब्या जास्तीच्या सरकवल्या. जानरावनं परात उचलली आणि अख्ख्या पंगतीला दोन-दोन जास्तीच्या वाढत गेला. यजमान शेवटी जेवायला बसला तेव्हा परातीत नुसता पाक.

"साहेबाचा मान राखला ना भाऊ," जानराव म्हणाला. "मंग बाकीच्यायचा काऊन नाई राखाचा?"

गावाला ही खोडी वाटते, आणि आहेच ती खोडी. पण तिच्या बुडाशी राग आहे. लहानपणी एका मोठ्या घरच्या लग्नात त्याच्या वस्तीची पंगत गोठ्याजवळ, सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर बसवली होती, आणि वरणाच्या नावानं पिवळं पाणी वाढलं होतं. ते तो अजून विसरलेला नाही. विसरावं तरी का?

तर अशा माणसाच्या घरी विज्ञान राहायला आलं.

त्याची पुतणी मंजुश्री बुलढाण्याला खायच्या आणि औषधी मश्रूमवर संशोधन करत होती. कॉलेजातली तिची पहिली खेप हिरव्या बुरशीनं खाल्ली. दुसऱ्या खेपेच्या वेळी वीज गेली ती आलीच नाही. मार्गदर्शक योगिनी मॅडमनी साफ सांगितलं, "मंजुश्री, हा हिवाळा शेवटचा. आकडे नाही आले तर विषय बंद करावा लागेल." पोरगी रडकुंडीला आली आणि तिला जानरावची बकऱ्या विकून रिकामी झालेली खोली आठवली. जाड भिंती, गारवा, अंधार. मश्रूमला आणखी काय हवं?

जानरावनं आनंदानं खोली दिली. लग्नाच्या स्वयंपाकाच्या मोठ्या गंजात पाणी उकळून सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भिजवलं. थंड झाल्यावर मंजुश्रीनं ते निथळून प्लास्टिकच्या पिशव्यांत थर देऊन भरलं, मधेमधे धिंगरी मश्रूमचं बियाणं पेरलं आणि पिशव्या दोरीनं आढ्याला टांगल्या. शेजारची कलाबाई डोकावून म्हणाली, "काहो भाऊजी, कुत्र्याच्या छत्र्या लावून राह्यले काय?"

"हाव," जानराव म्हणाला. "तुमच्या घरी पावना आला का सांगा, किलोभर पाठवतो."

कुटार आतून पांढरंफेक झालं तशी मंजुश्रीनं प्लास्टिक काढलं. मग अर्ध्या पिशव्यांना लाल दोरा बांधला, अर्ध्यांना पांढरा, आणि मोठेबाबांना, म्हणजे जानरावला, समोर उभं करून समजावलं.

"मोठेबाबा, मी आठ-दहा दिवस कॉलेजात जाऊन येतो. लाल दोऱ्यायले तुरीच्या चुनीचं, ढोरायले घालतो त्या डाळीच्या चुऱ्याचं, गाळलेलं पाणी फवारा. पांढऱ्या दोऱ्यायले साधं पाणी. चुनीनं पीक वाढते का आन् त्यातले औषधी गुण वाढते का, हे पाहाचं हाये. माहं सगळं संशोधन ह्या दोघायच्या फरकावर टांगलं हाये. समजलं?"

"समजलं," जानराव म्हणाला. मग पांढऱ्या दोऱ्यांकडे बघून त्यानं विचारलं, "पण पोरी, यायनं काय गुन्हा केला?"

"गुन्हा नाई हो, तुलना कराची हाये!"

"तुलना कराले एकाले उपाशी ठेवा लागते?"

मंजुश्रीची बस आली होती. ती "हाव, ठेवा लागते" म्हणाली आणि पळाली. तिथंच चुकलं.

सुरुवातीला जानराव शब्दाला जागला. पण रोज सकाळी दार उघडलं की एकीकडे लाल दोऱ्यांची मश्रूम पंजाएवढी पसरलेली, आणि दुसरीकडे पांढऱ्यांची बोराएवढी, अंग चोरून बसलेली. एकाच खोलीत, एकाच आढ्याला टांगलेली! जानराव त्यांच्याकडे न बघता फवारा मारायचा. मग बघून मारायला लागला. मग "पाहू नका बाप्पा माह्याकडे असे" म्हणायला लागला. बायको जनकाबाईनं दाराआडून ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी एका सकाळी त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं पंपात चुनीचं पाणी भरलं आणि पांढऱ्या दोऱ्यांपासूनच सुरुवात केली. एवढ्यावर थांबला असता तर तो जानराव कसला! लाल दोऱ्यांनी इतके दिवस ताव मारला होता, त्याची भरपाई कोण करणार? म्हणून पांढऱ्यांना सकाळी एक फवारा आणि संध्याकाळी एक. विदर्भाचा अनुशेष भरायला सरकारला जमलं नाही, जानरावनं तो बकऱ्यांच्या खोलीत भरून दाखवला.

मंजुश्री वजनकाट्यासह परत आली तेव्हा तो दारातच उभा होता, पोरीच्या लग्नात बापानं उभं राहावं तसा.

"पाह्य!" तो म्हणाला. "एकबी उपाशी नाई."

मंजुश्रीनं तोडणी केली, वजन केलं. पुन्हा केलं. पांढऱ्यांचं वजन लालपेक्षा जास्त भरत होतं. ती काटा तसाच ठेवून जमिनीवर बसली.

"संपलं, मोठेबाबा. चुनीनं पीक उलट घटते, असं निंगून राह्यलं. मॅडम विषय बंद करतीन."

जानरावच्या तोंडचं पाणी पळालं. आपण पुतणीच्या ताटाखालचा पाट ओढला हे त्याला आत्ता कळलं. त्यानं दुपट्ट्याचं टोक पिळत सगळं सांगितलं, सकाळ-संध्याकाळच्या फवाऱ्यासकट. मंजुश्री आधी ओरडली, मग रडली, मग जेवणार नाही म्हणाली. त्या दिवशी जानरावही जेवला नाही. जनकाबाई म्हणाली, "आता सगळ्यायले सारखंच झालं. खुश?"

दुसऱ्या दिवशी योगिनी मॅडम स्वतः आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोरे बघितले, आणि मग अशा हसत सुटल्या की त्यांना खाट धरून बसावं लागलं.

"काका," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "त्या पांढऱ्या पिशव्या उपाशी नव्हत्या, साक्षीदार होत्या. त्या नसत्या तर लालचं वाढणं खरं की खोटं, कोण सांगणार?"

"साक्षीदाराले जेऊ घालत नाई काय मॅडम?"

थंडी अजून बाकी होती, एक खेप निघण्यासारखी होती. मंजुश्री म्हणाली, खोलीला कुलूप लावू. जानराव उसळला, "माह्या घरात मलेच कुलूप?" आणि कुलूप लावलं तरी फवारणार कोण? तेव्हा मॅडमनी तोड काढली. यावेळी पिशव्या नव्या आणि रंगीत दोरे नाहीत. पिशव्यांवर नुसतं 'क' आणि 'ख', तशाच दोन सारख्या कॅन. कशात चुनी आणि कशात साधं पाणी, ते फक्त जनकाबाईला माहीत. तिनं भरायचं, जानरावनं फवारायचं, आणि दोघांनी या विषयावर अवाक्षर बोलायचं नाही.

"म्हणजे तुम्हाला कोणाला कमी वाढलं तेच कळणार नाही," मॅडम म्हणाल्या. "मन स्वच्छ."

जनकाबाईचा तर हा सणच झाला. उभ्या संसारात नवऱ्याला माहीत नसलेली गोष्ट पहिल्यांदाच तिच्या हाती लागली होती. ती कॅन भरताना मुद्दाम गाणं गुणगुणायची आणि जानरावनं मान वळवली की, "काय पाह्यता? जा तिकडं!" असं खेकसायची.

पण मॅडमच्या योजनेत एक भोक होतं, आणि ते जानरावला पहिल्याच सकाळी सापडलं. चुनीच्या पाण्याला वास येतो. आंबूस, ढोरांच्या गव्हाणीचा. झाकण उघडलं की लहान लेकरूही सांगेल. एक श्वास घेतला असता तर सगळं कळलं असतं. जानराव झाकणावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं कंबरेचा दुपट्टा सोडला आणि नाकावर घट्ट आवळून बांधला.

रोज तेच. नाक बांधलेलं, आणि फवारताना नजर वर टिनपत्र्याकडे, कारण कोण वाढतंय आणि कोण नाही हे दिसलं तरी सत्यानाश. कलाबाईनं गावभर केलं की त्या छत्र्या विषारी निघाल्या, जानराव तोंड बांधून आत जातो. कोणी विचारलं तर जानराव म्हणायचा, "हाव, लय जहाल हायेत. जवळ येऊ नका." एकदा वर बघत फवारता फवारता त्यानं आत आलेल्या जनकाबाईलाच भिजवलं. ती काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तोडणीच्या दिवशी मॅडम आणि मंजुश्री दोघी आल्या. जानराव खोलीत गेलाच नाही, अंगणात खाटेवर पाठ करून बसला. आतून काट्याचा आवाज, मग जनकाबाईशी कुजबुज, मग मंजुश्रीची किंकाळी. ती धावत बाहेर आली आणि मोठेबाबांच्या गळ्यात पडली.

"आला! फरक आला! 'क'नं 'ख'ले सपाटून मागं टाकलं! मोठेबाबा, तुमी हात नाई लावला!"

पोरीचं वर्ष वाचलं होतं. जानरावनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग हळूच विचारलं, "म्हंजे 'ख'ले साधं पाणी होतं?"

"हाव."

"पुरी खेपभर?"

"हाव."

"माह्याच हातानं," जानराव म्हणाला. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि जनकाबाईच्या कानात काहीतरी बोलला.

जेवताना प्रत्येकीच्या ताटात मश्रूमच्या भाजीच्या दोन वाट्या आल्या. दोन्हीत तोच ठेचा, तेच शेंगदाण्याचं कूट.

"मॅडम," जानराव मांडी घालून समोर बसला, "एक वाटी 'क'ची हाये आन् एक 'ख'ची. कोणती कोणाची थे फक्त जनकाबाईले ठाऊक. मलेबी नाई. आता तुमी खाऊन सांगा."

मॅडम ओळखून हसल्या. त्यांनी एका वाटीतला घास खाल्ला, मग दुसऱ्या. पाणी पिऊन पुन्हा दोन्ही चाखल्या. मंजुश्रीनंही डोळे मिटून खाल्लं.

"नाही सांगता येत काका," मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या. "दोन्ही सारख्याच."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"मंग हे लिव्ह पोरी," जानराव मंजुश्रीकडे वळला. "'ख' वजनानं कमी भरला. त्याले दिलंच नोतं कोणी. पण चवीले रतीभर कमी नाई."

"मोठेबाबा," मंजुश्री हसत म्हणाली, "चव आमच्या मोजमापातच नोती."

"तेच तं म्हणून राह्यलो," जानराव म्हणाला. "थे कोणी मोजतच नाई."