सुभेदारकाकांची गिनती

मोबाइलला जपणारी माणसं दिल्लीत गल्लोगल्ली सापडतील, पण मोबाइलकडे रीतसर रजा मागणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे द्वारकेचे सुभेदारकाका. नात्याने ते माझे कोणी नाहीत. मी एका आरोग्याच्या संशोधनात घरोघर फिरून माहिती गोळा करते आणि ते आमच्या अभ्यासातले एक रुग्ण. रक्तदाबाच्या रुग्णांना रोज सकाळी फोनवर एक नवी सूचना पाठवून 'आज गोळी घेतली का?' असं विचारलं तर ते ती नेमाने घेतात का, एवढंच आम्हाला बघायचं होतं. विचारणारा संगणक. घेतली तर एक दाबायचं, नाही तर दोन. काका काहीच दाबत नसत. ते ताठ उभे राहून आवाज रेकॉर्ड करून पाठवत, "गोली ली गई. पानी के साथ. जय हिंद." पुतणीच्या लग्नाला साताऱ्याला जायच्या आधी त्यांनी त्याच नंबरावर तीन दिवसांची रजा मागितली. संगणकाला एकच उत्तर शिकवलेलं होतं, "शाबाश! ऐसे ही जारी रखिए." रजा मंजूर झाली म्हणून काका निर्धास्त गाडीत बसले. गोळ्या मात्र बरोबर नेल्या. "रजेवरचा सैनिकसुद्धा सैनिकच असतो, पोरी."

त्यांचा रक्तदाब मोजणं म्हणजे एक कवायतच होती. दंडाला पट्टा बांधला की काका सावधानमध्ये बसत, श्वाससुद्धा रोखून, आणि आकडा चढत जाई. पहिल्या दोन भेटींत मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. तिसऱ्या भेटीत वैतागून ओरडले, "काका, विश्राम!" त्यांनी खांदे सोडले, आकडा झरझर खाली आला, आणि आम्ही दोघं खूप हसलो.

माझे वडील फरीदाबादला कारखान्यात लेथवर काम करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. दिल्लीत मुनिरक्यात तिघींनी मिळून घेतलेल्या खोलीत राहून शिकले आणि ही पहिली नोकरी मिळवली. माझं गळ्यातलं ओळखपत्र बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं होतं. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे, थोडं मिरवायलाही सांगते. पण मुख्य म्हणजे, ते ओळखपत्र जायची वेळ आली होती आणि ती आणली काकांनीच.

झालं असं. काकांच्या सोसायटीत सगळ्या प्रांतांची माणसं. चिठ्ठ्या टाकून आम्ही निम्म्या रुग्णांना फोनवर संदेश दिले आणि निम्म्यांना नुसती छापील पुस्तिका. शेवटी दोघांची तुलना करायची. एका गटाचे संदेश दुसऱ्याला कळले की तुलनाच संपली. म्हणून प्रत्येकाला मी बजावलं होतं, संदेश दुसऱ्याला दाखवू नका. तिसऱ्या महिन्यात पुस्तिकेच्या गटातल्या बंगाली आंटींनी मला आदल्या दिवशीचा संदेश शब्दन् शब्द म्हणून दाखवला.

"आंटी, ये आपको किसने बताया?"

"क्यों, पार्क में! सूबेदार साहब की गिनती में!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत हजर. कडुलिंबाखाली दोन्ही गटांतली मंडळी एका रांगेत उभी. हरियाणवी ताऊ, केरळच्या निवृत्त नर्सबाई, आंटी, सगळ्यांच्या तळहातावर आपापली गोळी आणि दुसऱ्या हातात बाटली. काकांनी खणखणीत आवाजात संदेश वाचला, आणि मग फौजेतल्यासारखी गिनती. "एक!" म्हणून काकांनी स्वतःची गोळी गिळली. "दो!" ताऊंनी. आकड्यामागे एक गोळी पोटात.

"काका, दाखवू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"दाखवला नाही. स्क्रीन माझ्याकडेच होती. मोठ्याने वाचला फक्त. आणि हे बघ, फौजेच्या लंगरमध्ये निम्म्या कंपनीला डाळ आणि निम्मीला कोरडी रोटी, हे माझ्या हातून व्हायचं नाही."

मी बाकावर बसले. "माझी नोकरी जाईल, काका."

काकांचा चेहरा उतरला. ताऊ जवळ येऊन म्हणाले, "चुप रह जा, बेटी. किसको पता चलेगा?" खरं सांगते, मिनिटभर मला ते पटलं. पण काका म्हणाले, "खोटा रिपोर्ट द्यायचा नाही. चूक माझी, पेशी माझी. तुझ्या साहेबांपुढे मीच उभा राहीन."

आणि खरंच ते ब्लेझर घालून, पदकं लावून माझ्याबरोबर ऑफिसात आले. आमच्या मुख्य संशोधक मॅडमनी सगळं ऐकून चष्मा काढला.

"ये कब से चल रहा है?"

"पहले दिन से, मैडम."

"गोली किस-किस ने छोड़ी?"

"किसी ने नहीं. ताऊ एक दिन दस मिनट लेट थे. समझा दिया है."

मॅडमनी ठरवलं, या सोसायटीचे आकडे तुलनेतून बाद, आणि का बाद तेही अहवालात लिहायचं. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बैठो. नौकरी छुपाने पर जाती है, बताने पर नहीं. ये गिनती भी अलग से लिखकर लाओ, पूरी."

बाहेर जिन्यात ओळखपत्र मुठीत घट्ट धरून मी पायरीवरच बसले. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली. म्हणाले, "विश्राम."

गेल्या हिवाळ्यात गुडघ्यांनी संप पुकारला आणि काका मुलीकडे साताऱ्याला गेले. आता बागेत ताऊ साताऱ्याला फोन लावतात आणि स्पीकर चालू करून बाकावर ठेवतात. कधी लाइन लागत नाही. मंडळी तळहातावर गोळी घेऊन तशीच थांबतात. कुणी घाई केली तर आंटी दटावतात, "रुको, साहब का एक आने दो." मीही वही मिटून फोनकडे बघत उभी राहते. थोडी खरखर होते, आणि मग दूरवरून, जरासा थकलेला पण ताठ आवाज येतो, "एक!"

तेव्हा कुठे ताऊ दोन म्हणतात.