न मागितलेली परवानगी

ती घटना आठवली की आजही अंगावर काटा येतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या गुन्ह्यामुळे नव्हे.

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर गणेश विसर्जन चाललं होतं. दुपारी चारचा सुमार. फार खालून उडणारा एक ड्रोन पताकांच्या दोरीत अडकला आणि गर्दीत कोसळला. आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या एका शिक्षिकेच्या डाव्या डोळ्यात पात्याचा तुकडा घुसला. उडवणारा रिमोटसकट पसार झाला. मी तेव्हा टीआय, म्हणजे पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. निवृत्तीला चार महिने उरले होते. पंचनामा केला, ड्रोन जप्त केला, अज्ञात इसमावर गुन्हा नोंदवला. विनापरवाना ड्रोन उडवणाऱ्याला सोडणार नाही, असं चारचौघांत बजावलंही.

दुसऱ्या दिवशी घाटावरच्या नारळवाल्याने खबर दिली. "साहेब, तो फोपनारचा शूटिंगवाला हाय. सासऱ्याच्या केळीच्या बागेत लपला हाय."

तासाभरात तो ठाण्यात होता. लग्नांची शूटिंग करणारा, तिशीतला माणूस.

"पळालास कशाला?"

"पब्लिक मारती, साहब. बाकी परमिशन तो है हमारे पास."

"कुणी दिली?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आपनेच दी ना, साहब."

चोराच्या उलट्या बोंबा, म्हणून मी टेबलावर हात आपटला. त्याने मोबाईलवरचा फोटो पुढे केला. गणेश मंडळाने आमच्या ठाण्याकडे केलेला अर्ज. मिरवणूक, मंडप, लाउडस्पीकर आणि चौथ्या ओळीत ड्रोनने शूटिंग. खाली 'हरकत नाही', ठाण्याचा शिक्का आणि माझी सही. पायाखालची जमीन सरकली.

मंडळाच्या अध्यक्षांना बोलावलं, तर ते माझ्याहून चकित. "आम्ही ड्रोन मांगलाच नव्हता, साहेब. टायपिंगवाला दरसाल जुनाच अर्ज काढते, नाव बदलून देते. या साली दुसऱ्या कोनाचा अर्ज निघाला असंन. सही होऊन आल्यावर आम्ही वाचलं. परमिशन आलीच हाय, तर बोलवा ड्रोनवाल्याले, म्हटलं!"

आमच्याकडची रीतही निराळी नव्हती. सणाच्या दिवसांत ठाण्याची कागदपत्रं सांभाळणारा मुंशी अर्जांचा गठ्ठा आणी, प्रत्येक कागदाचं फक्त खालचं टोक उचलून धरी, "नेहमीचंच आहे साहेब" म्हणे, आणि मी फोनवर बोलता बोलता सह्या ठोकी.

सगळे गेल्यावर मुंशी जवळ आला. "साहेब, त्याचा फोन आणि मंडळाचा कागद, दोन्ही आपल्याच ताब्यात आहेत. आपली प्रत नवी करून घेऊ का? ती ओळ नसली की झालं."

खोटं कशाला बोलू, मी लगेच नाही म्हणालो नाही. पेन्शन आठवली. तो शूटिंगवाला विनापरवान्याच्या कलमात एकटाच अडकला असता आणि मी सुखरूप सुटलो असतो.

तसाच दवाखान्यात जबाब घ्यायला गेलो. त्या शिक्षिका बाई डोळ्याला पट्टी बांधून बसल्या होत्या. का कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "साहेब, मी चौथीच्या साठ पोरांच्या वह्या तपासते. न वाचता सही करायची मले कोनी मुभा नाही दिली."

ठाण्यात परतलो आणि स्वतःच्या हाताने रोजनामच्यात सगळी हकीकत लिहिली. ज्या कागदावर माझी सही, त्याचा तपास मी करणं योग्य नव्हतं. तो दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवावा, असं वरिष्ठांना कळवलं. शूटिंगवाल्यावर निष्काळजीपणाचा खटला चालला, पण विनापरवाना उडवल्याचा आरोप गळाला.

नोकरीभर मी बदमाश शोधत आलो. या प्रकरणात एकही सापडला नाही. टायपिंगवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळी कामसू, भली माणसं. वाचलं मात्र कुणीच वेळेवर नाही. बाईंचा डोळा गेला. माझ्या सेवापुस्तिकेत निंदेचा एक शेरा आला, आणि पेन्शन पूर्ण मिळाली.