पऱ्हाटीच्या कुडातल्या गोचिड्या

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी भडगावकडून लग्न होऊन केळीच्या पट्ट्यातल्या या गावात आले. मुलगी वर्षाची झाली त्या पावसाळ्यात सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, गाय आठवडी बाजारात विकायची ठरवली. तिच्या कानांत, शेपटीखाली, कासेवर गोचिड्याच गोचिड्या. हात लागला की लाथ झाडायची, दूध आटत चाललेलं. मुलीचं सगळं त्याच दुधावर. मी म्हटलं, "आबा, दोन बाजार थांबा. मी बघते."

माहेरी आम्ही सीताफळाच्या बिया वाटून करंजाच्या तेलात कालवून लावायचो. तसंच केलं. गाईच्या डोळ्यांपासून लांब ठेवलं, चाटू नये म्हणून मुसकं घातलं, वासरू वेगळं बांधलं. कासेला फक्त कडुनिंबाचा काढा.

आबा ओट्यावरून बघत होते. "पाल्यानं गोचीड मरते, मंग सरकारनं ढोरायचा डाक्टर कायले बसवला वं?"

गोचिड्या गळाल्या आणि पहिल्या बाजारापर्यंत पुन्हा तितक्याच झाल्या. आबांनी गाय बाजाराला न्यायचा दोर तेवढा धुऊन वाळत टाकला.

दुसऱ्या दिवशी मी गोठाच तपासायला घेतला. आमच्याकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, चुलीला, कुंपणाला आणि गोठ्याच्या कुडालाही. कुडाचं लिंपण पडलं होतं. काड्यांच्या फटींत गोचिड्या एरंडाच्या बियांसारख्या टम्म बसलेल्या. गाईला औषध लावून आम्ही रोज तिला त्यांच्याच शेजारी बांधत होतो.

"भर पावसात कूड पाडते का कोनी?" सासूबाई म्हणाल्या. मी पाडला. गाय कडुनिंबाखाली बांधली, पऱ्हाटी जाळली, जमीन खरवडली, शेणात निंबाचा काढा घालून सारवलं, कुडाच्या जागी गोणपाट टांगलं. मग गाईला पुन्हा लेप.

दुसऱ्या बाजारच्या सकाळी आबा दोर घेऊन आले. कान उलटून पाहिले, शेपटी उचलली, कास चाचपली. गाय शांत उभी. तेवढ्यात शेजारचे भाऊ कानांत गोचिड्या भरलेला त्यांचा गोऱ्हा विकायला घेऊन दारात आले.

"चला आबा, सोडा गाय."

"तू जाय. आमची गाय नाही येत."

"काहून? गोचीड गेली का?"

"सूनबाईले इचार," आबा म्हणाले आणि दोर खुंटीला अडकवला.

भाऊ माझ्याकडे वळले. मी पदर खोचला आणि म्हटलं, "भाऊ, आधी तुमचा कूड दाखवा."