डावा तळहात

छातीत दुखणं म्हणजे काय ते मला आजही ठाऊक नाही. त्यामुळे बीडच्या डॉक्टरांनी इको काढून "काका, हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय," असं सांगितलं, तेव्हा ते दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट वाचताहेत असं मला वाटलं. चौसाळ्यात माझं किराणा दुकान आहे. पोत्यावर पोतं रचणारा माणूस मी, पण हल्ली गल्ल्यापासून फळीपर्यंत जाताना धाप लागायची, पाय सुजायचे. डॉक्टर म्हणाले, एकतर हृदयाचा स्नायूच थकलाय, नाहीतर त्याला रक्त पुरवणाऱ्या नसा बंद होत आल्यात. दोन्हींवरचा इलाज वेगळा. शुगर असली की नसा बंद होऊनही कधीकधी दुखत नाही, म्हणून अँजिओग्राफी करायलाच हवी. मी आपला मनातल्या मनात स्नायूवर शिक्का मारून मोकळा झालो. गोळ्यांवर भागणारं दुखणं कुणाला नको असतं?

बायकोने मात्र हट्टाने मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे हिरवा झगा हातात देऊन अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. माझ्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग आहे. लहानपणी दीक्षेच्या वेळी गुरूंनी दिलं, तेव्हापासून ते अंगावेगळं केलेलं नाही. आम्हा लिंगायतांत ते प्राणासारखं जपतात. मी सरळ सांगितलं, तपासणी नको. बायको रडकुंडीला आली. "कावून असं करता? तुमी मेलेलं महादेवाला पायजे हाय का?" मी शर्टाची बटणं परत लावायला लागलो. लिंगासाठी जीव तुटत होता हे खरं, आणि आतून सुटल्यासारखं वाटत होतं हेही खरं.

तेवढ्यात आमचं बोलणं ऐकून आतून एक सिस्टर आल्या. ओळख ना पाळख. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "काका, नळी उजव्या मनगटातून जाती. उजवा हात आमाला द्या, डावा तुमचा ऱ्हाऊ द्या. देव त्या हातात घ्या."

आमच्या पूजेत लिंग डाव्या तळहातावरच घेतात. रोज सकाळी मी तेच करतो. "तुमाला कुणी सांगितलं?" मी विचारलं. त्या गोंधळल्या. "कुणी न्हाई. तो हात मोकळा होता म्हणून म्हणले." मी बटणं सोडली, रिकामी डबी बायकोकडे दिली आणि लिंग मुठीत धरून आत गेलो.

पडद्यावर माझ्याच नसा दिसत होत्या. आतले डॉक्टर पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "तिन्ही मोठ्या नसा जवळजवळ बंद आहेत. काका, तुमचा स्नायू नुसता थकलेला नाही, उपाशी आहे. बायपास केलं तर बराचसा सावरेल असं वाटतं." इतकी वर्षं सोमवार धरणारा मी, आणि छातीत हृदय रोजच उपास काढत होतं, याचा मला पत्ता नव्हता. रडूसुद्धा येईना. त्या दिवशी बटणं लावून चौसाळ्याची गाडी धरली असती तर, हा विचार आजही गिऱ्हाईक समोर असताना येतो आणि हातातलं माप तसंच राहतं.

बायपासच्या दिवशी भूल द्यायची होती, दोन्ही हात दवाखान्याचे होते. कुणी सांगायच्या आत मी लिंग काढलं आणि बायकोच्या डाव्या तळहातावर ठेवलं. जीव घाबरला नाही, याचंच मला नवल वाटलं. शुद्धीवर आलो तेव्हा ती उशाशी उभी होती आणि तिची मूठ अजून मिटलेली होती.

त्या सिस्टरचं नावही मी विचारलं नाही. रोज सकाळी लिंग तळहातावर घेतलं की पहिला नमस्कार मनातल्या मनात त्यांना जातो. डावा हात तुमचा, असं त्या म्हणाल्या होत्या. आता मला तो डावाही माझा एकट्याचा वाटत नाही.