बंदुकीला अडीच बोटं दारू

बाबा कोकणातून अमेरिकेत आले ते सहा महिन्यांसाठी, आणि तिसऱ्याच आठवड्यात "माझं तिकीट अलीकडचं करून दे" म्हणून माझ्यामागे लागले. जॉर्जियातलं, ऐंशीच्या दशकातलं अल्फारेटा ते. घरं कमी, घोड्यांची कुरणं जास्त. शेजाऱ्याच्या कुरणातून हरणं यायची आणि माझ्या परसातली भेंडी आणि वाल फस्त करून जायची. बाबा खिडकीशी बसून ते बघत. एकदा म्हणाले, "आमच्याकडे असती तर एव्हाना मसाला वाटून झाला असता."

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

गावी बाबांकडे ठासणीची बंदूक होती. बागेत रानडुकरं शिरायची म्हणून सरकारी परवान्यावर मिळालेली. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर गोळी सोडायची, गजानं ठासायचं आणि मागच्या बाजूला तांब्याची चिमुकली टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा त्या टोपीवर पडतो आणि ठिणगी आत जाते. लहानपणी माझं काम एकच, टोप्यांची डबी धरून उभं राहायचं. बंदुकीला हात लावला की बाबा खेकसायचे, "मुलींचं काम नव्हे ते." चुलतभावाला मात्र दिली. त्याला धड गलोल मारता येत नव्हती! मी चाळिशीला टेकले, हॉस्पिटलात फार्मासिस्ट झाले, तरी तो राग काही गेला नव्हता. बाबांच्या डोळ्यांदेखत मला बंदूक चालवायची होती, आणि त्यांच्या तोंडून "हिनं चालवली" एवढंच ऐकायचं होतं.

जॉर्जियात ऑक्टोबरमध्ये हरणांच्या शिकारीच्या मोठ्या सीझनच्या आधी थोडे दिवस फक्त ठासणीच्या बंदुकीवाल्यांसाठी राखून ठेवतात. मी लायसन्स काढलं. शेजाऱ्यानं कुरणाच्या कडेला बसायला परवानगी दिली, वर स्वतःची पन्नास कॅलिबरची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची, ठासणीची बंदूकही वापरायला दिली. बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे नेम धरणार मीच, हे ठरलेलंच होतं. नवरा म्हणाला, "मी शाकाहारी माणूस आहे, मला यात ओढू नका यार," आणि टेनिस खेळायला निघून गेला.

पण तिकिटाचं नाव बाबांनी पुन्हा काढलं नाही. दारूगोळ्याच्या दुकानात जायच्या दिवशी सकाळी सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. दुकान उघडायचं दहाला.

दुकानदार गलेलठ्ठ, पँटला खांद्यावरून गॅलिसचे पट्टे लावलेला. मी विचारायची आणि तो उत्तर बाबांना द्यायचा. बाबांना इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण मान अशी डोलवायचे की जणू काउंटरपलीकडे तेच बसतात. त्यानं आधी काळ्या दारूऐवजी वापरायची नवी पावडर दाखवली, नळी कमी काळी होते म्हणाला. बाबांनी विचारलं, "पेटायला कशी?" मी भाषांतर केलं. दुकानदारानं कबूल केलं की जरा हट्टी आहे, टोपी जोरकस लागते. "मग नको," बाबा म्हणाले. "हरीण थांबून राहणार आहे काय? खरी काळी दे म्हणावं." काळीतही जाड दाणा आणि बारीक दाणा. जाड घेतली. टोप्या अकरा नंबरच्या. बाबांनी सोबत आणलेल्या शेजाऱ्याच्या बंदुकीच्या मागच्या बोंडीवर एक बसवून बघितली, हलवली, पडत नाही ना पाहिलं, मग डबी घेतली. गोळ्यांवर आमचं वाजलं. मला लांबट, जड गोळी भारी वाटत होती. बाबांना गोल हवी होती. दुकानदारानं नळीत डोकावून पाहिलं, आतले आटे, म्हणजे गोळीला पीळ देणाऱ्या खाचा, गोल गोळीसाठीचे आहेत म्हणाला, आणि बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. गोळीभोवती गुंडाळायच्या तेलकट कापडी चकत्याही घेतल्या.

सरावाला शेजाऱ्याच्या बांधाशी गेलो. बाबा म्हणाले, "पहिली मी भरतो." दारू मोजायच्या मापाला त्यांनी हातही लावला नाही. रिकाम्या नळीत गज घालून तोंडापाशी कोळशानं खूण केली, मग दारू ओतली, गोळी ठासली, आणि ती खूण आता नळीच्या तोंडापेक्षा किती वर आली ते बोटं लावून मोजलं. चार बोटं. गावची रीत, सगळ्या गावानं अशीच भरलेली. मी चाप ओढला आणि खांदा निखळला असं वाटलं. धूर विरला तेव्हा पन्नास पावलांवर नेमासाठी लावलेला पुठ्ठा जसाच्या तसा होता.

"तुझा हात हलला," बाबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, जन्मभर मी ग्रेनमध्ये, अर्ध्या गुंजेच्या वजनात औषधं मोजतेय. आता मी भरते, तुम्ही बघा." पितळी मापानं सत्तर ग्रेन दारू ओतली. तीन बार काढले, तिन्ही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली. बाबा पुठ्ठ्याकडे गेले, भोकांत करंगळी घालून आले. पुढच्या वेळी मी ठासल्यावर त्यांनी गजाला बोटं लावली. "अडीच," म्हणाले, आणि चाकूनं गजावर बारीक खूण केली.

सीझनच्या दुसऱ्या सकाळी नारिंगी जाकिटं घालून आम्ही ओकच्या झाडाखाली बसलो. उजाडल्यावर अर्ध्या तासात नर आला, थेट चाळीस पावलांवर. बाबांचा हात माझ्या पाठीवर होता. त्यांनी हळूच दाबला, मी चाप ओढला. समोर सगळा पांढरा धूर, काही म्हणजे काही दिसेना. धूर हटला तर हरीण कुरणाच्या कडेला आडवं झालेलं. मी रडतही होते आणि हसतही होते. बाबा मला सोडून आधी हरणाकडे धावले, या वयात.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गावी काकांना एरोग्राम, म्हणजे घडी घालून चिकटवायचं विमानाचं पत्र, लिहिलं. खालची जागा रिकामी ठेवून माझ्यापुढे सरकवलं, "तूही दोन ओळी लिही." मी वरचं वाचलं. "काल मी एक मोठा नर पाडला. एकाच गोळीत."

"बाबा, मी पाडला."

"ते खरं गो. पण पत्र पारावर मोठ्यानं वाचतात. पोरीनं पाडला म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? मला थापाड्या म्हणतील. सत्तरीला ही इज्जत?"

मी पेन खाली ठेवलं. "मग माझ्या ओळी नकोत," म्हटलं आणि भांडी घासायला गेले. नळ सोडला होता तरी मागं खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. परत आले तेव्हा बाबा खिडकीशी होते, पत्र टेबलावर. "मी" आडवी रेघ मारून खोडलं होतं, वर लिहिलं होतं, "मुलीने". आणि खाली नवी ओळ: "ज्याला खोटं वाटेल त्याने इथे येऊन तिच्यासमोर म्हणावे."

मी एक शब्द लिहिला नाही. कडांना जीभ लावून पत्र चिकटवलं, आणि म्हाताऱ्याचं मन बदलायच्या आत गाडी काढून पोस्टात टाकून आले.